पाव हेक्टरचे मालक

जावातल्या खेड्यात जमिनीचा वाद निघाला की तो शेवटी एका जुन्या वहीपाशी येऊन थांबतो. ग्रामकचेरीच्या कपाटात ठेवलेल्या या वहीला गावात ‘लेटर सी’ म्हणतात. तिची सुरुवात डच अमलातली आणि हेतू शेतसाऱ्याच्या वसुलीचा. खातेदाराचं नाव, तुकड्याचा क्रमांक, क्षेत्र, जमिनीची प्रत आणि आकार, एवढाच तिच्यातला मजकूर. पाण्याखालचं भातखाचर असेल तर ‘एस’, कोरडी जमीन असेल तर ‘डी’. बाप वारला, जमीन लेकीच्या वाट्याला आली, की तसा फेरफार घालायचा. वही सांभाळतो तो ‘चारिक’, गावचा लेखनिक. आपला जुना कुलकर्णीच म्हणा ना. शेतकऱ्याच्या घरी असते ती सारा भरल्याची पावती. पूर्व जावात तिला ‘पेतोक डी’ म्हणतात, पश्चिमेकडे ‘गिरिक’. पिढ्यान्‌पिढ्या याच पावत्यांवर जमिनी विकल्या गेल्या, गहाण पडल्या, पोराबाळांत वाटल्या गेल्या.

आता कायदा म्हणतो की ही पावती मालकीचा पुरावा नव्हे, सारा कोणी भरला याचा दाखला आहे. सातबारा म्हणजे मालकीपत्र नव्हे, हे आपल्याकडेही वकील सांगत असतात आणि गाव ऐकत नसतं. इंडोनेशियाच्या सरकारने मात्र २०२१च्या नियमावलीत मुदतच घालून दिली. पाच वर्षांत, म्हणजे २ फेब्रुवारी २०२६पर्यंत, जमिनीची नोंदणी करून प्रमाणपत्र घ्या. त्यानंतर जुने कागद मालकीचा पुरावा म्हणून चालणार नाहीत, नोंदणीच्या वेळी माग काढायला तेवढे उपयोगी पडतील. म्हणून जमीन सरकारजमा होणार नाही, असा खुलासा मंत्रालयाला करावा लागला. लोक किती धास्तावले असतील याची कल्पना त्यावरून यावी.

कागद पक्का झाला की जावातल्या शेतकऱ्याचे दिवस पालटतील, असं मानणारे अर्थतज्ज्ञ पुष्कळ आहेत. मला तेवढा भरवसा वाटत नाही. तिथली अडचण कागदाची कमी आणि तुकड्याच्या आकाराची जास्त आहे.

जावा बेट महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान, सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटरचं. २०२०च्या जनगणनेत तिथे १५ कोटींहून जास्त माणसं मोजली गेली. देशाची सात टक्के भूमी आणि तिच्यावर देशातली निम्म्याहून अधिक वस्ती. एवढी माणसं पोसली जातात ती ज्वालामुखींच्या कृपेने. मेरापी, केलूद, स्मेरू हे डोंगर अधूनमधून गावं गाडतात आणि त्यांचीच राख पुढे शेतं पिकवते. पाणी असेल तिथे वर्षातून भाताची दोन पिकं सहज निघतात, काही ठिकाणी तीन. क्लातेन किंवा बांतुलसारख्या जिल्ह्यांत भातशेतीच्या मधोमध चौरस किलोमीटरला हजाराच्या वर लोक राहतात. आपण ज्याला खेडं म्हणतो तसा मोकळेपणा तिथे नाही. खाचर संपलं की घरं, घरं संपली की पुन्हा खाचर.

क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात पूर्व जावातल्या पारे गावी राहून अभ्यास केला आणि १९६३मध्ये एक सिद्धांत मांडला. भातखाचराचा गुण असा की त्यात जितके हात घालाल तितकं ते थोडं थोडं जास्त देतं: रोप नीट लावा, तण वेचा, पाणी मोजून सोडा. त्यामुळे वाढती माणसं शेतीतच मुरत गेली. एकरी उत्पन्न वाढलं, माणशी उत्पन्न होतं तिथेच राहिलं. गावाने काम आणि घास दोन्ही वाटून घेतले, म्हणून गरिबीही वाटली गेली. चित्र मनात ठसणारं आहे, पण नंतरच्या अभ्यासकांनी गावोगावच्या नोंदी चाळल्या तेव्हा ही वाटणी तितकी सारखी निघाली नाही. भूमिहीन तेव्हाही होते आणि दहा जणांची जमीन खाणारे एकटेही होते. गीर्ट्झला वरून जे सामंजस्य दिसलं, त्याखाली बरीच लाचारी होती असं माझं मत आहे.

आज ‘पेतानी गुरेम’ हा शब्द तिथल्या सरकारी अहवालांत सर्रास येतो. गुरेम म्हणजे कोंबड्यांच्या अंगावरची बारीक ऊ. अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन कसणारा शेतकरी म्हणजे पेतानी गुरेम. देशभर अशी कुटुंबं २०१३च्या कृषिगणनेत सुमारे १ कोटी ४२ लाख होती, २०२३मध्ये ती १ कोटी ६९ लाखांच्या घरात गेली. त्यांतली फार मोठी संख्या जावातली. तिथे पाव हेक्टर म्हणजे पंचवीस गुंठे खाचर असलेला माणूस गावात खाऊनपिऊन सुखी समजला जातो. मापंसुद्धा छोटी आहेत. बान्युमासकडे ‘उबिन’ चालतो, पूर्वेकडे ‘रू’. दोन्ही साधारण १४ चौरस मीटरचे. सात उबिन झाले की आपला एक गुंठा होतो. मोठं माप ‘बाहू’, सुमारे सात हजार चौरस मीटरचं. पण बाहूत मोजावी इतकी जमीन आता कितीजणांकडे उरली आहे?

या पाव हेक्टरचा हिशेब नमुन्यादाखल मांडून पाहू. एका हंगामात दीड टन ओलं भात निघालं असं धरू. २०२५मध्ये सरकारने ठरवलेला खरेदीचा भाव किलोला ६,५०० रुपिया होता. (आपल्या एका रुपयाला अंदाजे १९० रुपिया धरा.) म्हणजे एका पिकाचे साडेसत्त्याण्णव लाख रुपिया; वाचायला मोठा आकडा, आपल्या हिशेबात एक्कावन्न हजार रुपये. दोन पिकांचे एक लाख दोन-तीन हजार. नांगरटीचं यंत्र, बी, युरिया, लावणीची मजुरी, कापणी यांत निम्मे गेले तर वर्षाकाठी हाती पन्नास हजारांच्या आसपास. मध्य जावात २०२५चं किमान वेतन महिन्याला २१ लाख ६९ हजार रुपिया होतं. म्हणजे कारखान्यातली पोरगी साडेचार महिन्यांत जेवढं मिळवते तेवढं हे शेत बारा महिन्यांत देतं. तेही पाऊस वेळेवर आला, उंदीर लागले नाहीत आणि शेत स्वतःचं असलं तर.

शेत दुसऱ्याचं असेल तर ‘मारो’. ‘पारो’ म्हणजे अर्धं. मारो म्हणजे आपली अर्धेली. जमीन उत्तम, पाटाच्या तोंडाशी असेल आणि मालक जोरात असेल तर ‘मर्तेलू’, तिथे कसणाऱ्याला तिसरा हिस्सा. बियाणं-खत कोणी घालायचं हे गावोगाव वेगळं. १९६०च्या वाटेकरी कायद्याप्रमाणे असा करार लेखी, सरपंचासमोर आणि भातखाचरासाठी निदान तीन वर्षांचा हवा. प्रत्यक्षात करार होतो तो ओसरीवर, गोड चहाच्या पेल्याबरोबर, तोंडी.

त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९६० रोजी, इंडोनेशियाचा मूळ भूमिकायदा झाला. तो दिवस आजही तिथे शेतकरी दिन म्हणून पाळतात. त्याला जोडून आलेल्या नियमांनी दाट वस्तीच्या भागात कमाल धारणा पाच हेक्टर भातखाचर ठरवली आणि प्रत्येक शेतकरी कुटुंबाला निदान दोन हेक्टर मिळावेत असं ध्येय ठेवलं. ते दोन हेक्टर जावात आणणार कुठून, हे कोणी सांगितलं नाही. तालुक्याबाहेर राहणाऱ्याने शेतजमीन ठेवू नये, असाही नियम १९६१मध्ये झाला. गहाण जमिनीबद्दलचं कलम तर वाचण्यासारखं आहे: सावकाराने सात वर्षं शेत खाल्लं असेल, तर एक पैसा न घेता पीक निघाल्यावर ते मूळ मालकाला परत करायचं.

हे सगळं अमलात आलं असतं तर जावातलं खेडं वेगळं दिसलं असतं. मुंबई राज्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवून कुळांना मालक केलं, त्याच काळातली ही धडपड. पण तिकडे ती रक्तात बुडाली. अंमलबजावणी रेंगाळली म्हणून १९६३-६४पासून कम्युनिस्ट पक्षाच्या शेतकरी संघटनेने क्लातेनसारख्या भागांत जमिनी स्वतःच ताब्यात घ्यायला सुरुवात केली. जमीनदारांच्या बाजूने लष्कर आणि धार्मिक संघटना उभ्या राहिल्या. १९६५-६६च्या हत्याकांडात देशभर पाच लाख किंवा त्याहून अधिक माणसं मारली गेली असं मानलं जातं, आणि पूर्व व मध्य जावातली खेडी त्यात होरपळून निघाली. पुढची तीस वर्षं कुळाने हक्काची भाषा काढली की त्याच्यावर ‘कम्युनिस्ट’ हा शिक्का बसायची भीती. कायदे रद्द झाले नाहीत. कोणी त्यांची आठवण काढेना, एवढंच. तोंडी मारो आजही का चालतो, याचं निम्मं उत्तर या दोन वर्षांत आहे.

या हत्याकांडानंतर सत्तेवर आलेल्या जनरल सुहार्तोंच्या राजवटीने जमीन वाटण्याऐवजी उत्पादन वाढवलं. नव्या ठेंगण्या जाती, खत, कर्ज, पाटबंधारे. १९८४मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. मधल्या काळात तपकिरी तुडतुड्याने, ज्याला तिथे ‘वेरेंग’ म्हणतात, शेतंच्या शेतं जाळल्यासारखी केली. अति फवारणीने त्याचे शत्रू मरतात आणि तो माजतो हे कळल्यावर १९८६मध्ये सरकारने ५७ कीटकनाशकांवर भातासाठी बंदी घातली. शेतकऱ्यांच्या बांधावरच्या शाळा तिथूनच पुढे जगभर गेल्या. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण या नव्या जातींनी एक गोष्ट मोडली, आणि तिच्यापाशी थोडं थांबायला हवं. पूर्वी भात कापायचं ते ‘आनी-आनी’ने. हे तळहातात मावणारं छोटं पातं. बोटांत धरून एकेक लोंबी खुडायची. भाताची देवी ‘देवी स्री’, म्हणजे आपली श्रीच, लोखंड बघून घाबरू नये म्हणून पातं मुठीत लपवायचं, अशी समजूत. काम बायकांचं, आणि कापणीला कोणीही यावं असा रिवाज. मालकाने कोणाला हाकलायचं नाही. प्रत्येकीला खुडलेल्या भाताचा ठरावीक हिस्सा मिळे, त्याला ‘बावोन’ म्हणत. पाचवा, आठवा, दहावा. नात्यातलीला जास्त, परकीला कमी. ज्या घरात एक उबिनही जमीन नाही त्या घरची चूल या बावोनवर कित्येक महिने चाले.

एका खाचरात शंभर बाया उतरत. मालकाला परवडेना, पण शेजारणीला ‘येऊ नकोस’ म्हणण्याचं तोंड त्याला नव्हतं. १९७०च्या आसपास वाट सापडली. ‘तेबासान’ म्हणजे उभं पीक व्यापाऱ्याला विकायचं, जशा आपल्याकडे आंब्याच्या बागा मोहोरावर जातात. कापणीच्या चार दिवस आधी सौदा, पैसे रोख. व्यापारी बाहेरगावचा. त्याला गावातल्या म्हातारीची भीड नाही. तो आपली टोळी आणतो, टोळीच्या हातात विळे असतात, आणि मोजक्या माणसांत शेत उरकतं. ठेंगण्या जातींना विळा चालतो, त्यामुळे आनी-आनीही गेली. मालकाने कोणाला नाही म्हटलं नाही. त्याने फक्त पीक विकलं. आता सपाट भागात कापणी-मळणीचं यंत्र येतं, त्याला विळेवालेही नकोत. जमीन ज्याच्या नावावर होती त्याच्याच नावावर राहिली, पण तिच्यावर गावातल्या इतरांचा जो न लिहिलेला हिस्सा होता तो पुसला गेला. असल्या हिश्शाची नोंद लेटर सीमध्ये कधीच नव्हती आणि नव्या प्रमाणपत्रातही नाही.

आता शब्दांची गंमत. तिथल्या कायद्यात पूर्ण मालकीला म्हणतात ‘हाक मिलिक’. आपला ‘हक्क’ आणि आपला ‘मालक’ ज्या अरबी मुळांवरून आले, त्याच मुळांवरचे हे दोन शब्द. वारसाला ‘वारिस’, पृथ्वीला ‘बुमी’, गावाला ‘देसा’. जमीन राजाची आणि रयत तिचा खंड भरणार, ही कल्पना जावात रुजवणाऱ्यांत स्टॅमफर्ड रॅफल्स होता. १८११ ते १८१६ इंग्रजांनी जावा राखलं तेव्हाचा तिथला लेफ्टनंट गव्हर्नर. हिंदुस्थानातल्या रयतवारीचा नमुना त्याच्यासमोर होता. पाहणीसाठी त्याने नेमलेल्या समितीचा प्रमुख कॉलिन मॅकेंझी हाही मद्रासकडचाच मोजणीदार. डच परतल्यावर त्यांनी १८३०पासून आणखी वरची पायरी गाठली: गावाने पाचव्या हिश्शाच्या जमिनीवर ऊस, नीळ, कॉफी लावून सरकारला द्यायची. त्या पैशांवर हॉलंडची रेल्वे झाली आणि कर्ज फिटलं, हे डच इतिहासकारच लिहितात.

वारसाहक्काच्या बाबतीत जावातली माणसं आपल्यापेक्षा पुढची म्हणावीत अशी आहेत. नातं आईकडून आणि बापाकडून सारखंच मोजलं जातं, म्हणून मुलगी वारस आहेच. वाटणीच्या दोन रीती. पहिली ‘सपिकुल सगेंडोंगान’: मुलगा खांद्यावरच्या कावडीने दोन बाजूंचं नेतो, मुलगी पाठीवरच्या झोळीत एक, म्हणजे दोनास एक हा इस्लामी हिशेब. दुसरी ‘दुंदुम कुपात’: सणाच्या दिवशी पानात शिजवलेल्या भाताच्या पुड्या वाटतात तशी सगळ्यांना सारखी. कुठली पाळायची ते कुटुंब बसून ठरवतं, आणि सारखी वाटणी पुष्कळ ठिकाणी होते. आईबापांना शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या लेकराकडे, बहुधा शेंडेफळाकडे, राहतं घर जातं. लग्नानंतर नवरा-बायकोने मिळून कमावलं ते ‘गोनो-गिनी’, काडीमोड झाला तर दोघांचं. न्यायाला धरून आहे. पण या न्यायानेच एका हेक्टरचे तीन पिढ्यांत पंधरा तुकडे होतात. मग भावंडं खातेफोड न करता एकाला कसायला देतात, किंवा पाळीपाळीने एकेक वर्ष कसतात, किंवा एकजण बाकीच्यांना पैसे देऊन मोकळा होतो. ते पैसे शेतातून येत नाहीत.

ते कुठून येतात हे घरांवरून कळतं. पोनोरोगो, तुलुंगागुंग, ब्लितार, चिलाचाप, इंद्रामायू या भागांतल्या खेड्यांत खांबांची, चकचकीत फरशांची घरं भातशेतात उगवल्यासारखी उभी आहेत. घरातली बाई हाँगकाँगला किंवा तैवानला दुसऱ्याच्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते आहे आणि इकडे नवरा मुलं सांभाळतो आहे. पहिल्या करारात कर्ज फिटतं, दुसऱ्यात घर होतं, तिसऱ्यात जमलंच तर खाचर. बाहेर पडण्याची ही सवय जुनी आहे. १९०५मध्ये डचांनी मध्य जावाच्या बागेलेन भागातली १५५ कुटुंबं सुमात्रात लाम्पुंगला नेऊन वसवली. स्वतंत्र इंडोनेशियानेही तीच योजना चालवली, कुटुंबाला दोन हेक्टरच्या आशेवर. १८९० ते १९३९ या काळात तेहतीस हजारांच्या आसपास जावाची माणसं पार सुरिनामला मजूर म्हणून गेली, तिथल्या भोजपुरी गिरमिटियांच्या शेजारी.

गावात राहायचं तर खर्च वेगळाच आहे. घराभोवतीचं परडं, ‘पेकारांगान’, नारळ, केळी, कसावा, पपई देऊन बाजारहाट भागवतं. माझ्या मते गरिबाची खरी बँक हेच. पण लग्न, सुंता, बारसं, मयताचा तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा, हजारावा दिवस. प्रत्येकाला शेजाऱ्यांना जेवण. आहेराचं पाकीट द्यायचं, कोणी किती दिलं ते वहीत लिहायचं, आणि त्याच्याकडे कार्य निघालं की तेवढं परत करायचं. सणासुदीच्या महिन्यात पाच आमंत्रणं आली की शेतकरी भाताचं पोतं विकतो. त्याबदल्यात घर शाकारायला, मांडव घालायला, ताटी उचलायला माणसं न बोलावता येतात. ज्याने आहेर चुकवला त्याच्याकडेही येतात, पण जरा उशिराने.

सरपंचाची गोष्ट निराळी. त्याला आणि इतर ग्रामसेवकांना पदासोबत जमीन मिळते, तिला ‘बेंगकोक’ म्हणतात. पद असेपर्यंत पीक त्याचं, पद गेलं की जमीन गावाची. आपल्याकडे वतनं कायद्याने खालसा झाली, पाटलाचं वतन १९६०च्या दशकात गेलं. जावात त्याचा हा भाऊबंद जिवंत आहे. आता पगार ठरवून दिलेला असला तरी बेंगकोकची ओढ सुटलेली नाही. २०१४च्या ग्रामकायद्यानंतर केंद्राकडून थेट निधी येऊ लागला, २०२४च्या दुरुस्तीने सरपंचाची मुदत सहा वर्षांची आठ झाली, आणि निवडणुकीत जमिनी विकून पैसा ओतणारे उमेदवार वाढले. क्लातेनच्या पोंगगोक गावाने आपल्या झऱ्याच्या कुंडात पाण्याखाली फोटो काढण्याची सोय करून गावाच्या मालकीच्या कंपनीला नफ्यात आणलं, ते उदाहरण सगळीकडे सांगितलं जातं. असा झरा प्रत्येक गावाला कुठून असणार!

मग जावाच्या खेड्यात जमीन घ्यावी का? आधी परदेशी माणसाचं उत्तर: त्याला हाक मिलिक मिळतच नाही. १९६०चा कायदा सांगतो की परदेशी व्यक्तीला आडवळणाने विकलेली जमीनसुद्धा सरकारजमा, आणि दिलेला पैसा परत मागता येत नाही. तरीही तिथल्या एखाद्याच्या नावावर घेऊन ‘आतून आपली’ म्हणणारे थोडे नाहीत. ही वाट सरळ खड्ड्यात जाते. परदेशी माणसाशी लग्न केलेल्या जावानीज मुलीचीही पंचाईत होई, कारण मालमत्ता दोघांची धरली जाई. संपत्ती वेगळी ठेवण्याचा करार लग्नानंतरही करता येईल, असं घटना न्यायालयाने २०१६मध्ये सांगितलं तेव्हा ही गाठ सैल झाली.

देशी माणसाला प्रमाणपत्र मिळणं आता सोपं झालं आहे. २०१५च्या सुमाराला देशातल्या १२ कोटी ६० लाख तुकड्यांपैकी ४ कोटी ६० लाखांनाच ते होतं, आणि वर्षाला पाच लाखांच्या वेगाने उरलेल्यांना १६० वर्षं लागली असती. २०१७पासून गावच्या गाव एकदम मोजण्याची मोहीम निघाली, जावात तयारीचा खर्च दीड लाख रुपिया, म्हणजे आपले आठशे रुपये. काम झपाट्याने झालं. पण प्रमाणपत्र हाती आलं की बँक कर्ज देते, आणि दलालही दारात येतो.

कारण वरचा हिशेब उलटा करून पाहा. रस्त्यालगतच्या खाचराला चौरस मीटरला दोन लाख रुपिया भाव धरला, तर पाव हेक्टरचे पन्नास कोटी रुपिया, आपले सव्वीस लाख रुपये. भात पिकवून ते फेडायला एक्कावन्न वर्षं लागतील, तीही न खाता. साहजिकच भात पिकवणारा जमीन घेत नाही. घेतो तो शहरातला नोकरदार, व्यापारी, निवृत्त अधिकारी. तालुक्याबाहेरच्यांना बंदी असली तरी नातेवाइकाचं नाव असतंच. २०१८च्या डिसेंबरात जाकार्ता ते सुराबाया द्रुतगती मार्ग जोडला गेला आणि वाटेतल्या शेतांना प्लॉटचा वास आला. भातजमीन वाचवायला २००९चा कायदा आहे, २०२१मध्ये संरक्षित खाचरांचे नकाशेही ठरले. पण नकाशात शेत आलं की त्याचा भाव पडतो, म्हणून ज्याला वाचवायचं तोच शेतकरी ते नकाशातून वगळा म्हणून अर्ज घेऊन उभा असतो.

आणि कधी सरकारच जमीन मागायला येतं. पुर्वोरेजोजवळच्या वादास गावाने धरणाच्या दगडासाठी डोंगर द्यायला नकार दिला. ८ फेब्रुवारी २०२२ रोजी पोलिसांनी तिथल्या साठहून अधिक लोकांना धरून नेलं. तुबान जिल्ह्यातल्या सुमुरगनेंग गावाची कथा वेगळ्या अंगाने गेली. तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी तिथली शेतं घेतली गेली. आधी पुष्कळांचा विरोध होता, पण मोबदल्याचे पैसे आले आणि फेब्रुवारी २०२१मध्ये ट्रकवरून नव्या मोटारी गावात उतरतानाची चित्रफीत देशभर फिरली. थोड्याच दिवसांत गावात १७६ मोटारी झाल्या. वर्तमानपत्रांनी त्याला अब्जाधीशांचं गाव म्हटलं. जानेवारी २०२२मध्ये त्याच परिसरातले लोक प्रकल्पाच्या फाटकाशी नोकऱ्या मागत मोर्चाने आले. त्यांतल्या काहींनी घर चालवायला गाई विकायला काढल्या होत्या. २०२५ संपलं तरी त्या जमिनीवर तेलाचा एक थेंबही शुद्ध झालेला नव्हता.